पीसीओडीची एकच चिठ्ठी सगळ्यांना कशी चालेल?

मी १९ वर्षांची होते आणि माझी आतेबहीण २२ची. दिवाळीच्या सुट्टीत आत्याकडे राहायला गेले होते. दोघींचीही पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नव्हती, म्हणून आत्या एकाच संध्याकाळी आम्हा दोघींना दवाखान्यात घेऊन गेली. ताईचं वजन तेव्हा ७८ किलो होतं, माझं ४७. परत आलो तेव्हा दोघींच्या हातात सारख्याच चिठ्ठ्या होत्या. त्याच गर्भनिरोधक गोळ्या, तीच सोनोग्राफी आणि डाएटचा तोच झेरॉक्स कागद. त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: वजन कमी करा. आत्याने माझा कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "हिनं आणखी काय कमी करायचं? आधीच हाडांचा सापळा झालाय."

त्या गोष्टीला २२ वर्षं झाली. मधल्या काळात स्वतःच्या फाइलच्या निमित्ताने या विषयावर मिळेल ते वाचत आले, डॉक्टरांना प्रश्न विचारत आले. पीसीओडी, म्हणजे पाळी आणि हार्मोन्सची घडी बिघडवणारा आमच्या चिठ्ठ्यांवरचा तो त्रास, मला आता एक मुक्काम वाटतो. तिथे बायका वेगवेगळ्या वाटांनी येऊन पोचलेल्या असतात. कोण कुठल्या वाटेनं आली हे न बघता सगळ्यांना एकच उपचार दिला, की काही जणींना तो लागू पडतो आणि बाकीच्या स्वतःलाच दोष देत बसतात.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे बोलताना पीसीओडी (पॉलिसिस्टिक ओव्हरी डिसीज) म्हणतात, डॉक्टरांच्या कागदावर बहुतेक वेळा पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) असतं. पीसीओडी सौम्य आणि पीसीओएस गंभीर, असे दोन आजार असल्याचं तक्ते काढून सांगणारे व्हिडिओ पुष्कळ फिरतात. जगभरातले डॉक्टर ज्या मार्गदर्शक सूचना वापरतात त्यांत असा भेद कुठेही नाही.

दुसरा घोळ गाठींचा. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'पॉलिसिस्टिक' शब्द दिसला, की घरभर 'पोरीला गाठी झाल्यात' अशी बातमी होते. त्या गाठी नसतातच. अंडाशयात स्त्रीबीजांचे बारीक, पाण्याने भरलेले कोष सतत वाढीला लागलेले असतात. एरवी त्यांतला एक पुढे जातो, फुटतो, बीज बाहेर पडतं आणि बाकीचे विरून जातात. पीसीओएसमध्ये बरेच कोष २ ते ९ मिलिमीटरच्या आसपास येऊन थबकतात. सोनोग्राफीत दिसतात ते हेच अर्ध्या वाटेवर थांबलेले कोष. त्यांना काढून टाकायचं नसतं. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी सात बायकांची अशी लक्षणं नोंदवली. त्यांनी अंडाशय पाहिला, म्हणून नाव अंडाशयावरून पडलं. पण मूळ बिघाड बऱ्याचदा अंडाशयाच्या बाहेर असतो.

तो कसा, हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. इन्सुलिनचं काम रक्तातली साखर पेशींत पोचवणं. ते पेशीच्या दारावर थाप मारतं, दार उघडतं, साखर आत जाते. काही जणींच्या स्नायूंना आणि यकृताला ही थाप नीट ऐकूच येत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, थापा जोरजोरात पडायला लागतात आणि शेवटी दार उघडतं. म्हणून साखरेचा रिपोर्ट कित्येक वर्षं नॉर्मल येत राहतो. अंडाशयाचे कान मात्र शाबूत असतात. त्याच्यावर तो सगळा दणदणाट आदळतो आणि तो टेस्टोस्टेरॉनसारखी हार्मोन्स गरजेपेक्षा जास्त बनवायला लागतो. त्यात भर म्हणजे, रक्तातलं टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृत बनवत असतं. इन्सुलिन वाढलं की तेही कमी पडतं. मग हनुवटीवर राठ केस, जबड्याच्या कडेने मुरुम, डोक्यावरचा भांग रुंद होणं, कोषांची वाढ थांबणं आणि पाळी लांबणं.

ही झाली एक वाट. दुसरी वाट मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येते. तिथून एलएच नावाच्या हार्मोनचे हेलकावे नेहमीपेक्षा भरभर यायला लागले, तरी अंडाशय तेच करतो. कुणाच्या अंगात पहिली वाट ठळक असते, कुणाच्या दुसरी, बहुतेक जणींमध्ये दोन्ही मिसळलेल्या. ताई आणि मी या बाबतीत नक्की कुठे बसतो, हे त्या संध्याकाळी कुणी पाहिलंच नव्हतं.

निदानाची पद्धतही अशी आहे, की एकाच नावाखाली निरनिराळ्या बायका येणारच. २००३ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये तज्ज्ञ जमले आणि त्यांनी तीन खुणा ठरवल्या: पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त (रक्तात किंवा अंगावरच्या केसांवरून दिसणारं) आणि सोनोग्राफीत कोषांनी भरलेला अंडाशय. तिन्हींपैकी कुठल्याही दोन असल्या की निदान पक्कं. म्हणजे केस, मुरुम काहीही नसलेली मुलगीही यात बसते आणि पाळी घड्याळासारखी येणारी बाईही बसते. मोजपट्टीवर किती अवलंबून आहे ते बघा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशभरातल्या पाहणीत साधारण ९,८०० बायका होत्या. १९९०ची कडक व्याख्या लावली तर त्यांतल्या ७.२ टक्क्यांना पीसीओएस होता. रॉटरडॅमची लावली तर १९.६ टक्क्यांना.

दोन-दोन खुणांच्या तीन जोड्या आणि तिन्ही खुणा एकत्र, अशा या चार गटांमध्ये पुढचा धोका सारखा नसतो. पाळी अनियमित आणि हार्मोनही जास्त, अशा बायकांना मधुमेहाकडे जाण्याची शक्यता अधिक. हार्मोन नॉर्मल असलेल्या गटात ती तुलनेने कमी. आपल्या फाइलवर 'पीसीओएस' एवढंच लिहिलेलं असेल, तर तीनपैकी कुठल्या दोन खुणांमुळे ते लिहिलं हे डॉक्टरांना जरूर विचारा. साधा प्रश्न आहे, त्याने राग यायचं कारण नाही.

केसांबद्दल एक सांगते. पहिल्या तपासणीला मी नेहमीसारखी थ्रेडिंग करून, ओठावरचं वॅक्स करून गेले होते. डॉक्टरांनी चेहऱ्याकडे पाहिलं आणि 'अतिरिक्त केस नाहीत' असं लिहून टाकलं. मीही गप्प बसले, लाज वाटत होती. खरं तर केसांसाठी अंगाच्या नऊ ठिकाणांना गुण देऊन बेरीज करायची पद्धत आहे. पार्लरने आदल्या दिवशीच सगळं साफ केलं असेल तर बेरीज कशाची करणार? दर किती दिवसांनी थ्रेडिंग लागतं, हे आपण होऊन सांगावं लागतं.

निदानाआधी दुसरी कारणं बाजूला काढावी लागतात. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित हार्मोन) यांची रक्ततपासणी, आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीचा एक जन्मजात सौम्य दोष असतो त्यासाठी १७-ओएचपी नावाच्या हार्मोनची. अगदी थोड्या महिन्यांत केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, तर मात्र थांबू नये, ते दुसऱ्याच कशामुळे असू शकतं. आणि बारीक मुलींच्या बाबतीत आणखी एक शक्यता असते: कमी खाणं, जास्त व्यायाम किंवा सततचा ताण यांमुळे मेंदूच पाळी थांबवतो. अशा मुलीची सोनोग्राफी पीसीओएससारखी दिसू शकते. तिला जर 'वजन कमी करा'चा कागद दिला, तर तो तिचं नुकसानच करेल. माझ्या बाबतीत ही शक्यता कुणी विचारातच घेतली नव्हती. बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी ती तपासून बाजूला काढली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी माझ्याकडे नीट पाहतंय.

आता पुण्याची गोष्ट, कारण तिच्यावाचून आपल्या बायकांचा पीसीओएस कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभं राहून काढलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघेही सडपातळ, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. बाहेरून बारीक, आतून चरबी जास्त, अशी ही आपली भारतीय ठेवण, आणि त्यात पोटातली चरबी जास्त. इन्सुलिनची थाप ऐकू न येण्याशी तिचं जवळचं नातं आहे. म्हणून बीएमआयची युरोपीय रेघ २५ला असली तरी आपल्यासाठी ती २३ला धरतात आणि बायकांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की लक्ष द्यायला सांगतात. वजनकाटा आपल्याला खोटा दिलासा देतो. 'तू तर बारीक आहेस, तुला कसला पीसीओडी' हे वाक्य मी निदान पन्नासदा तरी ऐकलं असेन.

माझी उपाशीपोटीची साखर दर वर्षी नॉर्मल यायची. ३१व्या वर्षी एका डॉक्टरांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायला देऊन दोन तासांनी रक्त घ्यायला लावलं. उपाशीपोटी ९२ होती, दोन तासांनी १५८. १४०च्या पुढे म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ताईची तीच तपासणी त्याच सुमाराला झाली आणि तिची साखर साफ नॉर्मल आली! जाड ती आणि साखर माझी. पीसीओएस असलेल्या बाईची साखर तपासायची तर ग्लुकोजच्या पाण्याची ही तपासणी सगळ्यांत भरवशाची मानतात, वजन कितीही असो, आणि धोका बघून दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा. कंटाळवाणी आहे, पाणी गोडमिट्ट असतं, लॅबमध्ये दोन तास बसावं लागतं. पण तिच्यासाठी अर्धी रजा टाकणं मला योग्य वाटतं.

व्यक्तीनुसार उपचार म्हटलं की हल्ली लोकांना जनुकांची तपासणी आठवते. त्या दिशेने काम चालू आहे. २०२०मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी युरोपीय वंशाच्या रुग्णांची माहिती चाळली तेव्हा दोन गट वेगळे पडले. एकात एलएच जास्त आणि वजन, इन्सुलिन कमी, अशा साधारण पाचातली एक. दुसऱ्यात वजन, साखर, इन्सुलिन जास्त, अशा पाचातल्या जवळजवळ दोघी. दोन्ही गटांच्या जनुकांतल्या खुणाही वेगळ्या निघाल्या. उरलेल्या कुठल्याच गटात धड बसल्या नाहीत. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण दवाखान्यात औषध ठरवण्याइतकी ही माहिती अजून पिकलेली नाही, त्यामुळे 'तुमच्या जीन्सनुसार पीसीओडी पॅकेज' विकणाऱ्यांना पैसे देऊ नयेत. आज हाताशी असलेली वेगळेपणाची तपासणी स्वस्त आहे: नीट घेतलेली हकिगत, टेप, बीपीचं यंत्र, साखर, लिपिड, दोन-चार हार्मोन.

आणि एक प्रश्न. "सध्या तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" उपचार खरं तर इथून सुरू व्हायला हवा.

उत्तर 'केसांचा' असेल तर गर्भनिरोधक गोळ्या पहिल्यांदा येतात. त्या अंडाशयातलं टेस्टोस्टेरॉन कमी करतात आणि ते बांधून ठेवणारं प्रथिन वाढवतात. फरक दिसायला किमान सहा महिने लागतात, हे कुणी सांगत नाही, म्हणून मुली दोन महिन्यांत गोळ्या सोडतात. त्याही सगळ्यांना चालत नाहीत. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या रेषा येत असतील, पायात रक्ताची गाठ होऊन गेली असेल, बीपी जास्त असेल, तर इस्ट्रोजेन असलेली गोळी टाळतात. मला अशा रेषा येतात. १९व्या वर्षी मला ते कुणी विचारलं नाही. गोळ्या पुरेनाशा झाल्या तर स्पायरोनोलॅक्टोनसारखं औषध जोडतात, पण त्यावर असताना गर्भ राहू देता येत नाही, मुलग्याच्या गर्भाच्या वाढीत अडथळा येऊ शकतो. लेझरही आहे, खर्चिक आहे, पण चेहऱ्यावरच्या काळ्या राठ केसांना उपयोगी पडतं.

उत्तर 'पाळीच येत नाही' असेल तर एक आकडा लक्षात ठेवा: ९० दिवस. पाळी फार लांबली की गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि वर्षानुवर्षं असं चाललं तर अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. एकूण धोका लहानच असतो, घाबरून जायचं कारण नाही. पण तीन महिने पाळी आली नाही तर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी ती आणवून घेतात. ज्यांना इस्ट्रोजेन चालत नाही अशा माझ्यासारख्यांना हा रस्ता असतो.

इन्सुलिनची बाजू जड असेल तर मेटफॉर्मिन, हे मधुमेहाचं औषध. पोट बिघडतं, म्हणून जेवणाबरोबर ५०० मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवतात. बरीच वर्षं घेतलं तर बी-१२ कमी होतं, आणि आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असतं. हातापायाला मुंग्या येत असतील तर बी-१२ तपासून घ्या, 'अशक्तपणा' म्हणून सोडून देऊ नका. इनोसिटॉल या पूरकाच्या पुड्या सध्या घरोघरी आहेत. त्यांनी नुकसान फारसं होत नाही, पण पुरावाही अजून तोकडा आहे. महिन्याचा खर्च झेपत नसेल तर त्या बंद केल्याची खंत करू नये.

आणि उत्तर 'मूल हवंय' असेल तर? ताईचं उत्तर २८व्या वर्षी हे होतं. तिला सांगण्यात आलं, आधी १५ किलो कमी कर, मग बघू. तिने दोन वर्षं एक वेळ जेवून काढली. वजन उतरलं, परत चढलं. वजन ५ ते १० टक्के कमी झालं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते, हे खरं आहे, पण उपचार मिळण्यासाठी तेवढं उतरवूनच दाखवायला हवं ही अट ताईवर अन्याय करणारी होती. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी आधी भावोजींची वीर्यतपासणी केली, जी दोन वर्षांत कुणी सुचवलीच नव्हती, आणि मग बीज पक्व होण्यासाठी औषध सुरू केलं.

आज त्यासाठी पहिली पसंती लेट्रोझोलला आहे, पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत पाच दिवस. ते मूळचं स्तनांच्या कॅन्सरचं औषध, त्यामुळे पाकिटावरचं वाचून घरचे घाबरतात. भारतात २०११मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदीही आली होती, ती २०१७मध्ये उठली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ७५० बायका होत्या. लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्क्यांना मूल झालं, जुन्या क्लोमिफिनवर असलेल्यांपैकी १९.१ टक्क्यांना. पीसीओएस म्हणजे मूल होणार नाही, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. बीज कधीतरी बाहेर पडतंच. मूल नको असेल तर 'मला तर पीसीओडी आहे' म्हणून गर्भनिरोधक टाळणंही तितकंच चुकीचं.

खाण्याबद्दल मला फार लिहायचं नाही, कारण पीसीओएससाठी म्हणून एखादा आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. भात बंद, दूध बंद, गहू बंद या याद्यांना आधार नाही. जो आहार घरात वर्षभर चालेल तो खरा. ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ, ताक हे आवडत असेल तर उत्तमच. न आवडणाऱ्या मुलीसाठी वेगळं ताट वाढून तिला घरात पेशंट करून ठेवू नये. चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचे व्यायाम करा, कारण थाप न ऐकणारे कान स्नायूंचे आहेत आणि स्नायू कामाला लागले की त्यांना ऐकू येतं. हे बारीक बायकांनाही लागू.

मनाचं मात्र वेगळं सांगायला हवं. पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळते, म्हणून २०२३च्या आंतरराष्ट्रीय सूचनांनी प्रत्येकीला त्याबद्दल विचारायला सांगितलं आहे. माझ्या फाइलमध्ये सोनोग्राफीचे नऊ रिपोर्ट आहेत, झोप लागते का हा प्रश्न एकदाही नाही. 'लग्न झालं की होईल सगळं ठीक' हे ताईला तिच्या प्रत्येक मावशीने सांगितलं. लग्नाने इन्सुलिन बदलत नाही. कांदेपोह्यांच्या आधी हनुवटी लपवायला लागणारी मुलगी आत कशी असते, ते मी जवळून पाहिलंय.

ताई आता ४४ची आहे. दोन वर्षांपासून तिची पाळी महिन्याच्या महिन्याला येते. चाळिशीनंतर अंडाशयातले कोष कमी होत जातात, त्यामुळे असं पुष्कळ जणींचं होतं. आत्या म्हणते, बरी झाली. पण बीपी आणि साखरेची तपासणी तिला चालूच ठेवायची आहे, गरोदरपणात साखर वाढली होती म्हणून तर नक्कीच.

तिची मुलगी १३ वर्षांची. पाळी सुरू होऊन दीड वर्ष झालं, दोन पाळ्यांमध्ये कधी ३५ दिवस जातात, कधी ४४. घरात लगेच सोनोग्राफीचा विषय निघाला. या वयात अंडाशय असाच कोषांनी भरलेला दिसतो, म्हणून पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी करू नये, असं आता सांगतात, आणि एएमएच या कोषांतून येणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणीही नको. पाळी सुरू झाल्यावर पहिल्या तीन वर्षांत ४५ दिवसांपर्यंतचं अंतर चालतं. अनियमित पाळी आणि जास्त हार्मोन या दोन्ही खुणा असतील तरच निदान. एकच असेल तर 'शक्यता आहे' एवढं लिहून पुढे पुन्हा बघायचं. पाळी ९० दिवस आली नाही तर तेवढ्या एका वेळेसाठीही दाखवायला न्यायचं. भाचीच्या कपाटाच्या आतल्या बाजूला आम्ही एक कॅलेंडर लावलंय. ती तारखेवर गोल करते आणि बाकी कुणी तिला काही विचारत नाही.